फ्रिजच्या पाण्याला फोर्स का नाही?

आमच्या फ्रिजच्या दारातल्या नळाखाली पेला धरायचा आणि नुसतं उभं राहायचं. पेला भरेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे सुप्रभात वाचून व्हायचे. फ्रिज नवा, दोन दारांचा, भिंतीतल्या पाइपाला जोडलेला. धार मात्र करंगळीपेक्षा बारीक आणि मधूनच तिरकी. कंपनीचा माणूस आला, फिल्टर बदलून गेला. चार दिवस बरं वाटलं, की पैसे दिले म्हणून तसं वाटून घेतलं, कोण जाणे. दीड महिन्याने दुसरा आला, त्यानेही फिल्टरच बदलला. मग मी सोसायटीच्या प्लंबरला हाक मारली. त्याने फ्रिजकडे पाहिलंही नाही. किचनचा नळ सोडला, धारेखाली तळवा धरला आणि छताकडे बोट दाखवत म्हणाला, "ताई, टाकी इथेच डोक्यावर आहे ना? मग फोर्स कुठून येणार?"

मला तोवर वाटायचं, टाकी जितकी जवळ तितकं पाणी जोरात. खरं नेमकं उलट आहे.

पाण्याचा फोर्स म्हणजे उंची. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंत जेवढं उभं अंतर, तेवढा दाब. टाकीत हजार लिटर आहेत की दहा हजार, याने काही फरक पडत नाही. प्लंबर आणि पंपवाले हा दाब 'किलो'त सांगतात. एक किलो प्रेशर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार, आणि त्याला पाण्याची १० मीटर उंची लागते. इमारतीचा मजला साधारण ३ मीटरचा धरला, तर टाकीपासून तीन-सव्वातीन मजले खाली उतरल्यावर कुठे एक किलो मिळतो.

आता फ्रिजची माहितीपुस्तिका काढा. पाइपाने जोडायच्या बहुतेक फ्रिजांना पाण्याचा दाब किमान २० आणि कमाल १२० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचं इंग्रजी माप) लागतो, असं काहीसं तिच्यात लिहिलेलं असतं. काही मॉडेलं किमान ३०-३५ मागतात. साधारण १४ पीएसआय म्हणजे एक किलो. तेव्हा २० पीएसआय म्हणजे १.४ किलो, म्हणजे १४ मीटर, म्हणजे टाकीखाली साडेचार-पावणेपाच मजले. आमची इमारत सात मजल्यांची आणि आम्ही सातव्यावर. टाकी गच्चीवरच्या चौथऱ्यावर, आमचा नळ तिच्यातल्या पाण्याच्या जेमतेम ५ मीटर खाली. अर्धा किलो. फ्रिजला जेवढं हवं त्याच्या जवळपास एकतृतीयांश. त्याच टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे २३ मीटर उतरून पोचतं, म्हणजे २.३ किलो. त्यांच्या घरी हाच फ्रिज असता तर पेला बघता बघता भरला असता. उजेड, वारा, गच्चीची किल्ली, सगळं सातव्या मजल्याला. फोर्स तेवढा पहिल्याला.

पाइपाचा फ्रिज मुळात ज्या घरांच्या हिशेबाने घडला, तिथे ही अडचण नसते. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत रस्त्याखालच्या लाइनीतून चोवीस तास दाबाखाली पाणी येतं, साधारण ४० ते ८० पीएसआयने. ८० च्या वर गेलं तर तिथल्या प्लंबिंगच्या नियमांनुसार दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिला फोनवर रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, फिल्टर बदल." तिच्या घरात ते उत्तर बरोबर आहे, कारण तिथे दाब असतोच, धार बारीक झाली तर वाटेत काहीतरी तुंबलेलं असणार. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, ते आधी जमिनीखालच्या टाकीत, तिथून मोटरने गच्चीवर आणि मग आपल्या भाराने खाली. म्हणजे रस्त्यावरच्या लाइनीला कितीही दाब असला तरी आपल्या नळाला त्यातलं काहीही मिळत नाही. तिकडचे व्हिडिओ बघून इकडचे फिल्टर बदलण्यात माझे पैसे गेले ते असे.

दरवेळी दोष टाकीचाच असतो, असं मात्र नाही. म्हणून आधी मोजायचं. स्वयंपाकघरातला मिलिलिटरच्या खुणांचा कप घ्या, मोबाइलवर दहा सेकंद लावा आणि नळ दाबून धरा. दाब नीट असेल तर दहा सेकंदांत साधारण १७० ते २०० मिली पाणी येतं. माझ्याकडे रात्री बाराला १२० मिली आलं आणि सकाळी सातला ५०.

हा रात्र-सकाळचा फरक बघितल्यावर फिल्टरवरचा संशय संपला. फिल्टर तुंबलेला असेल तर तो चोवीस तास तुंबलेलाच असतो. तो सकाळी तुंबून रात्री मोकळा होत नाही. सकाळी सातला बदलते ती इमारत. गच्चीवरून उतरणारा उभा पाइप खालच्या सगळ्या फ्लॅटांचा मिळून एक असतो. सगळे एकदम आंघोळीला लागले की त्या पाइपातलं पाणी खाली धावत सुटतं आणि सर्वांत वरच्या घराच्या वाट्याला आधीच थोडा असलेला दाब आणखी घटतो. तुमच्याकडे असा फरक पडत असेल तर फ्रिज उघडण्याआधी गच्चीवर चक्कर मारा. आणि दिवसरात्र सारखीच बारीक धार असेल, किंवा वर्षभर छान होती आणि हळूहळू मरत गेली असेल, तर मात्र दोष वाटेत शोधायचा.

त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून एक प्रेशर गेज आणावा, अर्धा इंची आट्यांचा, ० ते ४ किलोचा. दुकानदार १० किलोचा देऊ करतो. त्याच्यावर अर्धा किलो म्हणजे काट्याची जरा हालचाल, काही कळत नाही. वॉशिंग मशीनच्या नळाला तो बसवा, आटे जुळत नसतील तर मधे जोड घालून. घरातले सगळे नळ बंद करून बघा: काटा दाखवतो ती निव्वळ उंची. आता शेजारचा नळ सोडा. काटा थोडा उतरला तर ठीक. धपकन शून्याकडे आला तर उंची कितीही असो, पाइपात कुठेतरी गळा आवळलेला आहे: जुन्या लोखंडी पाइपातला गंज, भिंतीतला अर्धवट उघडलेला अँगल कॉक, म्हणजे नळी जोडायचा छोटा कॉक, साठलेले क्षार. पाणी थांबलेलं असताना तुंबलेला पाइपही पूर्ण दाब दाखवतो, अडचण वाहताना कळते. नुसत्या बंद नळावरचा आकडा बघून "प्रेशर तर आहे" म्हणणारे मला दोघे भेटले.

आता फ्रिजच्या आत. भिंतीच्या कॉकपासून पाव इंची पांढरी नळी निघते आणि फ्रिजच्या पाठीमागे एका विजेच्या व्हॉल्व्हला मिळते. पुढे फिल्टर, मग भाजीच्या ट्रेमागे गार होत पडलेली नळीची गुंडाळी किंवा छोटी टाकी, मग दाराच्या बिजागरातून वर आणि शेवटी तोटी. काही मॉडेलांत फिल्टर आणि व्हॉल्व्हची जागा उलटसुलट असते. बर्फाचं यंत्र असेल तर त्याला वेगळा फाटा फुटतो, आणि तपासणीत हा फाटा फार कामाचा आहे. बर्फाचे खडे नेहमीएवढे, भरीव आणि फक्त पाणीच बारीक असेल, तर दोष फाट्याच्या पुढे, दाराच्या बाजूला. खडेही बारके, पोकळ पडत असतील, तर दोष फाट्याच्या मागे: दाब, नळी किंवा फिल्टर. बर्फाच्या साच्यात पाणी ठरावीक सेकंदच सोडलं जातं, त्यामुळे धार बारीक झाली की खडा लहान होतो.

त्या व्हॉल्व्हची गंमत थोडी थांबून बघण्यासारखी आहे. आपण दांडी दाबली की विजेने पाण्याचं दार उघडतं, असं वाटतं. पण वीज फक्त कडी काढते. आत रबराचा एक पडदा असतो, मधोमध बारीक भोक, त्यावर सुईएवढी खीळ. पडद्याच्या कडेला आणखी एक सूक्ष्म छिद्र असतं. त्यातून पाणी वरच्या पोकळीत झिरपतं आणि पडद्याला वरून दाबून ठेवतं. वीज आली की खीळ उचलली जाते, पोकळीतलं पाणी मधल्या भोकातून निसटतं, वरचा भार जातो आणि खालचं पाणी पडदा ढकलून वाट मोकळी करतं. दांडी सोडली की खीळ पडते, पोकळी पुन्हा भरते आणि पाण्याच्याच भाराने पडदा बसतो. थोडक्यात, दार उघडतं पाणी आणि लावतंही पाणी. पाण्याला फोर्स नसेल तर ते दार धड उघडत नाही आणि धड लागतही नाही. म्हणूनच बारीक धारेच्या फ्रिजखाली बरेचदा पाणी टिपकतं, आणि लोक दोन वेगळ्या तक्रारी नोंदवतात. दोष एकच असतो.

व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तिच्यात वाळू, गंजाचे कण, नव्या पाइपातला प्लास्टिकचा कीस, प्लंबरने सढळ हाताने गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, काहीही सापडतं. ती साफ करायला फ्रिजचा प्लग काढा, कॉक बंद करा, नळी सोडवा आणि जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा. प्लग काढायचा कंटाळा करू नका, त्या व्हॉल्व्हच्या गुंडाळीला घरची २३० व्होल्टची वीज जात असू शकते. नळी सोडवलीच आहे तर तिचं टोक बादलीत धरून कॉक उघडा. इथेच धार बारीक असेल तर फ्रिज निर्दोष आहे, त्याला परत भिंतीशी लावा.

लावतानाही जपून. कितीतरी फ्रिजांची धार ते मागे सरकवताना मरते. पाव इंची नळी भिंत आणि फ्रिजच्या मधे सापडली की दुमडते, आणि एकदा पडलेली वळी सरळ केली तरी तिथे पुन्हा दुमडायला बघते. तेवढा तुकडा कापून टाकावा. सगळी नळी आतून क्षारांनी बारीक झाली असेल तर हिशेब आणखी वाईट. आतला व्यास निम्मा झाला की पाणी निम्म्यावर येत नाही, सहाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येतं.

क्षारांवरून फिल्टर आठवला. फ्रिजमधला फिल्टर हा दाबून बसवलेल्या कोळशाचा ठोकळा असतो. क्लोरीनचा वास, थोडा गाळ तो अडवतो. पाण्यात विरघळलेले क्षार तो अडवत नाही, तो आरओ नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी पिणाऱ्यांना हे आकडे वेगळे सांगायला नकोत; गिझरची कॉइल आणि नळाच्या तोंडावरची पांढरी खपली बघितली की पुरे. तेच फ्रिजच्या तोटीशीही साठतं. काढता येणारं टोक असेल तर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा.

फिल्टर बहुतेक कंपन्या सहा महिन्यांनी बदलायला सांगतात. दारावरचा लाल दिवा त्यासाठी लागतो, पण तो दिवस किंवा वापरलेलं पाणी मोजतो. फिल्टर खरंच किती तुंबलाय हे त्याला ठाऊक नसतं. गढूळ पाण्याच्या पावसाळ्यात फिल्टर तीन महिन्यांतही हात टेकतो. खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे फिल्टर काढून त्याच्या जागी बायपासचं टोपण (फिल्टरशिवाय पाणी पुढे जाऊ देणारं) लावायचं आणि पुन्हा दहा सेकंद मोजायचं. काही फ्रिज टोपणाशिवायही चालतात, काहींत पाणी खाली सांडतं, तेव्हा आधी पुस्तिका वाचा. पाणी दुप्पट झालं तर फिल्टर दोषी. माझ्याकडे ५० चे ६० झाले. दोन फिल्टरांची किंमत, दहा मिलिलिटर. नवा फिल्टर घातल्यावर नळ खोकत-थुंकत येतो, कारण ठोकळ्यात हवा असते. आठ-दहा लिटर पाणी थांबून थांबून सोडून द्या, झाडांना घाला. हवा निघाली की धार सरळ होते.

एक खास तऱ्हा उरते. काही फ्रिजांत नळ फ्रीझरच्या दारात असतो, आणि तिथली नळी गोठते. गावाला आठ दिवस जाऊन आलात, आल्या आल्या पेला धरला आणि थेंबही नाही, बर्फ मात्र पडतोय, तर बहुधा हेच. फ्रीझर -१८ अंशांवर असावा. कुणीतरी आइस्क्रीमसाठी तो -२३ वर नेऊन ठेवलेला असतो, आणि त्या कुणीतरीचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं. सामान काढा, प्लग काढा, दार दोनेक तास उघडं ठेवा. पाणी आलं तर निदान पक्कं. उकळतं पाणी ओतू नका आणि नळीत सुई, स्क्रूड्रायव्हर घालू नका.

आता आरओ. आपल्याकडे पुष्कळ घरांत फ्रिजची नळी भिंतीवरच्या आरओला जोडतात, आणि इथे चांगले चांगले तंत्रज्ञ फसतात. आरओच्या आत पंप आहे, तेव्हा पुढे फोर्स असणारच, असा समज. तो पंप पाणी आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून ढकलतो; पलीकडे गाळलेलं पाणी तासाला दहा-पंधरा लिटरच्या संथ गतीने उघड्या टाकीत पडतं. टाकीनंतर पंपाचा काही संबंध उरत नाही. फ्रिजला मिळते ती त्या टाकीची उंची, मीटरभर असेल तर एक दशांश किलो. आमच्या सातव्या मजल्यापेक्षाही वाईट. ओट्याखालच्या काही आरओंना लोखंडी गोल टाकी असते, तिच्यात रबरी पिशवी आणि बाहेरून हवा; ती हवा पाण्याला ढकलते. त्या टाकीतली हवा काही वर्षांत कमी होते आणि टाकी पाण्याने जड असूनही नळाला धार येत नाही. पाणी पूर्ण काढून टाका आणि रिकाम्या टाकीत साधारण अर्धा किलो, म्हणजे ७ पीएसआय, हवा भरा. तिचा व्हॉल्व्ह स्कूटरच्या टायरसारखा असतो, त्यामुळे साध्या सायकलचा पंप लागत नाही, स्कूटरच्या टायरचा लागतो.

ज्यांच्या फ्रिजला पाइपच नाही, दारात आतून दोन-चार लिटरचा डबा आहे, त्यांना यातलं बरंच लागू नाही. पंप नसलेल्या डब्यात पाणी फक्त आपल्या उंचीने उतरतं, वीतभर उंची ती. डबा भरलेला असताना धार बरी आणि तळाला आल्यावर रडकी, हे तसंच असायचं. पण भरलेल्या डब्यालाही धार येत नसेल तर झाकण किंचित सैल करून बघा. पाणी बाहेर पडायचं तर आत हवा शिरावी लागते. झाकणातलं हवेचं भोक बंद असेल तर पाणी गुडगुड करत अडतं. तरीही नाही आलं तर डब्याखालची रबरी झडप काढून धुवा.

आमचा उपाय शेवटी उंची विकत घेण्याचा होता. टाकी आणखी दहा मीटर वर चढवणं कुणाच्याही हातात नाही, पण पंप तेच काम करतो. पूर्ण घराला प्रेशर पंप लावायचा तर सोसायटीची परवानगी, उभ्या पाइपावर येणारा ताण, शेजाऱ्यांशी वाद; ते प्रकरण मोठं. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावायचा विचारही करू नका: ते बेकायदा आहे, आणि पाइपाला तडा असेल तर बाजूचं गटाराचं पाणी ओढलं जातं. आम्ही फक्त फ्रिजच्या नळीवर ओट्याखाली एक छोटा डायफ्राम पंप बसवला, प्रेशर स्विचवाला. नळ दाबला की लाइनीतला दाब पडतो, स्विच पंप चालू करतो. सोडला की दाब चढून पंप बंद. विकत घेताना दोन गोष्टी बघा: तो पिण्याच्या पाण्यासाठी आहे का, आणि तो बंद होण्याचा दाब फ्रिजच्या कमाल मर्यादेच्या बराच खाली आहे का. पंपाआधी एक जाळीचा फिल्टर हवा. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत १९० मिली आलं, सकाळी सातला.

तिसऱ्या रात्री मात्र दोन वाजता ओट्याखालून टुर्र आवाज आला. घरात कुणी पाणी घेत नव्हतं. अर्ध्या तासाने पुन्हा टुर्र. हा पंप उगाच चालू होत नाही. तो वाजला म्हणजे पुढे कुठेतरी दाब गळतोय. टॉर्च घेऊन खाली वाकले तर फ्रिजमागच्या पुश फिटिंगवर, म्हणजे नळी नुसती आत ढकलून बसवायच्या जोडावर, एक थेंब, फुगत, पडायच्या बेतात. नळी कात्रीने तिरकी कापली गेली होती आणि आतल्या रबरी रिंगवर एका बाजूनेच टेकत होती. ब्लेडने काटकोनात कापून, टचकन बसेपर्यंत आत ढकलली. नंतर रात्रभर आवाज नाही.